आयरिश लोकांची खट्याळ बोली: अर्थ, मूळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवेला शिकायला वा नोकरीला येणाऱ्या मराठी मुलामुलींकडून पहिल्या महिन्याभरात जवळपास सारखेच प्रश्न येतात. इंग्रजी शाळेपासून येतं, मग इथलं बोलणं डोक्यावरून का जातं? समोरचा थट्टा करतोय की अपमान? असे जमलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक पथ्य पाळलं आहे. शब्दाचं मूळ पक्कं असेल तिथे तसं म्हटलंय, आणि लोकांनी मागाहून रचलेली गोष्ट असेल तिथे तिला गोष्टच म्हटलंय. आयरिश शब्दांच्या बाबतीत ही सरमिसळ फार होते.

१. हे लोक आयरिश भाषा बोलतात की इंग्रजी?

रोजच्या व्यवहारात बहुतेक जण इंग्रजीच बोलतात. आयरिश ही अगदी वेगळी, केल्टिक कुळातली भाषा आहे. १९३७ च्या राज्यघटनेनुसार तीच देशाची पहिली अधिकृत भाषा, आणि शाळेत ती सगळ्यांना असते. २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७० हजारांहून अधिक लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे फक्त ७२ हजारांच्या आसपास निघाले.

यामागे मोठं दुःख आहे. १८३१ पासून सरकारी राष्ट्रीय शाळा निघाल्या आणि शिक्षण इंग्रजीत सुरू झालं. १८४५ ते १८४९ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. सगळ्यात मोठा फटका आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिम भागाला बसला. लोकांनी इंग्रजी उचलली, पण वाक्य जुळवायची सवय जुन्याच भाषेची राहिली. ज्याला आपण आयरिश स्लँग म्हणतो त्यातलं बरंचसं असं आहे: शब्द इंग्रजी, चाल आयरिश. उदाहरणं पाचव्या उत्तरात आहेत.

२. ‘व्हॉट्स द क्रॅक?’ असं विचारतात. हे ड्रग्जबद्दल आहे का?

अजिबात नाही. हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुतेकदा घाबरलेल्या पालकांकडून. क्रॅक म्हणजे गप्पा, मजा, बैठकीची रंगत. ‘व्हॉट्स द क्रॅक?’ म्हणजे ‘काय विशेष?’ एखादा माणूस ‘गुड क्रॅक’ असतो, म्हणजे त्याच्या संगतीत वेळ छान जातो. जिथे मजा मुळीच नाही तिथे ‘मायनस क्रॅक’. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द मला ‘धमाल’ वाटत नाही, ‘मैफल जमणे’ वाटतो. क्रॅक एकट्याला करता येत नाही. त्याला चार माणसं, थोडं निवांतपण आणि कुणीतरी रंगवून सांगणारा लागतो.

मुळाची गंमत अशी की हा शब्द जन्माने आयरिश नाहीच. मध्ययुगीन इंग्रजीत मोठ्या आवाजातल्या बोलण्याला, फुशारकीला तो वापरत. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये त्याचा अर्थ गप्पा असा झाला. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८५ च्या एका पत्रकवितेत तो याच अर्थाने वापरला आहे. तिथून तो अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेत आला आणि मग दक्षिणेकडे पसरला. आयरिश भाषेने तो आपलासा केला तेव्हा स्पेलिंगही आपल्या पद्धतीने केलं: सी-आर-ए-आय-सी. पारंपरिक आयरिश लिपीत अठराच अक्षरं आहेत आणि त्यात ‘के’ नाही. हे आयरिश रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परत इंग्रजीत शिरलं आणि पबच्या पाट्यांवर झळकू लागलं. काही आयरिश अभ्यासकांना हे स्पेलिंग खोटं आणि पर्यटकांसाठी नटवलेलं वाटतं. मला ते तसं वाटत नाही. एक शब्द दोन भाषांच्या घरी राहून आला तर त्याने कपडे बदलणारच.

३. सगळंच ‘ग्रँड’ कसं असू शकतं?

कारण इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, ‘ठीक आहे’. चहा देऊ का? ‘आय अ‍ॅम ग्रँड’, म्हणजे नको, राहू दे. पाय मोडलाय, कसं वाटतंय? ‘ग्रँड.’ कामाच्या ठिकाणी तुमच्या कामाला कुणी नुसतं ‘ग्रँड’ म्हटलं तर ते कौतुक नाही, पोच आहे. खरं कौतुक ‘फेअर प्ले टू यू’मध्ये असतं, ते आपल्या शाब्बासकीच्या जवळ जातं.

वाक्याच्या सुरुवातीला येणारा ‘शुअर’ही असाच. ‘शुअर इट विल बी ग्रँड’ यातल्या शुअरचा खात्रीशी संबंध नाही. तो आपल्या ‘अहो’, ‘अरे’सारखा आहे: ‘अरे, होईल सगळं ठीक.’ आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही की ‘शुअर लुक’ एवढंच म्हणून उसासा टाकतात. तिथे ‘चालायचंच’ एवढा अर्थ पुरतो.

४. ‘युअर मॅन’ म्हणजे माझा नवरा का? मी तर अविवाहित आहे.

युअर मॅन म्हणजे ‘तो माणूस’, कोणताही. बसमधला, टीव्हीवरचा, समोरच्या टेबलावरचा. बाईसाठी ‘युअर वन’, उच्चार ‘वॉन’च्या जवळचा. आयरिशमध्ये याच अर्थाने ‘मो घिन्ये’ म्हणतात, शब्दशः ‘माझा माणूस’. तीच लकब इंग्रजीत उतरली. आपणही नाव घ्यायचं नसलं की ‘तुमचे ते हे’ म्हणतोच. ‘युअर वन’मध्ये मात्र बऱ्याचदा किंचित नापसंती असते, ऐकताना सूर धरायचा.

५. ‘शी वॉज गिव्हिंग आउट टू मी’, ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग’: ही चुकीची इंग्रजी नाही का?

नाही. ही वाक्यं नियमाने चालतात, फक्त नियम आयरिशचा आहे.

‘गिव्हिंग आउट’ म्हणजे ओरडणे, झाडणे. आयरिशमध्ये रागावण्याला ‘बाहेर देणे’ असाच वाक्प्रचार आहे, त्याचा हा शब्दाला शब्द. ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग’ म्हणजे ‘मी नुकताच जेवलोय’. आयरिशमध्ये नुकत्याच घडलेल्या क्रियेसाठी ‘मी जेवणानंतर आहे’ अशी रचना असते. इंग्लंडच्या माणसाला याचा उलटा अर्थ लागतो, की हा जेवण शोधत फिरतोय. मुलाला ‘बोल्ड’ म्हणाले तर ते धीटपणाचं कौतुक नाही. आयरिश ‘दॉना’ या एकाच शब्दात धीटही आहे आणि खोडकरही, म्हणून इथलं ‘बोल्ड’ मूल म्हणजे द्वाड मूल.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला चटकन कळेल. आयरिश भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांना स्वतंत्र शब्द नाहीत, क्रियापदच परत म्हणतात. म्हणून इथे ‘जेवलास का?’ या अर्थाच्या प्रश्नाला ‘आय डिड’ असं उत्तर येतं. आपणही ‘जेवलास का?’ला ‘जेवलो’ म्हणतो. इथल्या इंग्रजीत मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते या उत्तरांमुळे.

६. ऑफिसमधले लोक मला ‘ईजिट’ म्हणतात, हसतात, माझी टर उडवतात. त्यांना मी आवडत नाही का?

बहुधा आवडता. या थट्टेला ‘स्लॅगिंग’ म्हणतात, आणि ज्याच्याशी जवळीक आहे त्याचीच ती होते. ज्याच्याशी लोक अदबीने वागतात तो अजून परका असतो. ‘ईजिट’ हा ‘इडियट’चाच आयरिश उच्चार, पण धार गेलेला. आपल्याकडे वेडा आणि येडा यांत जो फरक, तोच. आयरिश भाषेतला ‘अमदॉन’ म्हणजे मूर्ख पुरुष आणि ‘ओन्शख’ म्हणजे मूर्ख बाई, हे शब्दही इंग्रजी वाक्यात मध्येच येतात. ‘गॉबशाइट’ मात्र एक पायरी खाली आहे. गॉब म्हणजे चोच किंवा तोंड, आणि शाइट म्हणजे विष्ठा. नको तिथे तोंड उघडणाऱ्याला, उथळ बडबड्याला म्हणतात. तुम्ही नवखे असाल तर हा शब्द ऐका, वापरू नका.

मालवणी माणसाला हे समजवावं लागत नाही. ‘मेल्या, खय होतस इतके दिवस?’ यात माया किती आहे हे सिंधुदुर्गात वाढलेल्यालाच कळतं. बाहेरच्याला फक्त ‘मेल्या’ ऐकू येतं. योगायोग असा की आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ असा त्यांचा काळ. पंतप्रधानाला इथे ‘टीशख’ म्हणतात.

एक कसोटी सांगून ठेवते. स्लॅगिंग दोन्ही बाजूंनी चालतं. तुम्ही उलट टोला दिलात आणि समोरचा खूश झाला, तर ती थट्टा. उलट बोलायची तुम्हाला मुभाच नसेल, किंवा विषय सतत तुमचा रंग, उच्चार, देश हाच असेल, तर ती थट्टा नव्हे. मग सहन करत बसायचं नाही, वरिष्ठांना सांगायचं.

७. ‘फेक’ म्हणजे तीच ती इंग्रजी शिवी का?

वापर तसा, वजन तसं नाही. आजी नातवासमोर ‘फेक’ म्हणेल, ती दुसरी शिवी देणार नाही. दोन्हींत फक्त स्वराचा फरक आहे, म्हणून हे शिवीचं सौम्य रूप म्हणून रुळलं. पण आयरिश इंग्रजीत याच उच्चाराचा एक जुना शब्द ‘चोरणे’ या अर्थानेही आहे. जेम्स जॉइसच्या १९१६ साली पुस्तकरूपात आलेल्या कादंबरीत शाळकरी मुलं रेक्टरच्या खोलीतून पैसे ‘फेक’ केल्याचं बोलतात. तिथे शिवी नाही, चोरी आहे. आयर्लंडबाहेर हा शब्द गेला तो १९९५ ते १९९८ दरम्यान चॅनेल फोरवर लागलेल्या ‘फादर टेड’ मालिकेमुळे. त्यातला एक म्हातारा पाद्री तो उठसूट म्हणतो, आणि ब्रिटिश दूरदर्शनवर ते खपून गेलं. मुलाखतीत किंवा प्राध्यापकांसमोर मात्र टाळावा.

८. टी-शर्टवर ‘पोग मो होन’ लिहिलेलं असतं. भेट म्हणून घरी पाठवू का?

अर्थ कळल्यावर ठरवा: ‘माझ्या ढुंगणाची पापी घे.’ पोग म्हणजे चुंबन. हे शुद्ध आयरिश आहे, आणि न समजणाऱ्याच्या तोंडावर म्हणायची सोय हीच त्यातली मजा. लंडनमध्ये १९८२ साली निघालेल्या एका बँडने याचंच इंग्रजी वळणाचं रूप, ‘पोग महोन’, नाव म्हणून घेतलं. इंग्रज ऐकणाऱ्यांना पत्ता नव्हता, पण स्कॉटलंडच्या गॅलिक भाषकांना कळलं. त्यांच्या तक्रारी बीबीसीकडे गेल्या आणि नाव आखडून ‘द पोग्ज’ झालं. पुढे गायक शेन मॅकगोवन आणि त्याचा हा बँड जगभर गाजला, चुंबन तेवढं नावात उरलं.

९. कॉर्कमधला ‘लँगर’ आपल्या लंगूरवरून आला, हे खरं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि उत्तर मनाविरुद्ध द्यावं लागतं.

आधी अर्थ. लँगर हा कॉर्क शहराचा खास शब्द. त्रासदायक, आगाऊ, मूर्ख माणूस म्हणजे लँगर. पुरुषाच्या इंद्रियालाही तोच शब्द, आणि ‘लँगर्स’ किंवा ‘लँगर्ड’ म्हणजे प्यायलेला, टुन्न.

गोष्ट अशी सांगतात: रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्स या पलटणीत कॉर्क, केरी, लिमरिक, क्लेअर भागातले जवान होते. हिंदुस्थानात असताना त्यांना माकडांचा उपद्रव झाला, तेव्हा त्यांनी लंगूर हा शब्द उचलला आणि घरी परतल्यावर आपल्यातल्या माकडांना लावला. गोष्टीतला पलटणीचा भाग अगदी खरा आहे. १८८१ मध्ये बंगाल फ्युझिलिअर्सच्या दोन पलटणी जोडून ती तयार झाली, आणि त्या मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणी होत्या. आयर्लंड स्वतंत्र होताना, १९२२ मध्ये, ती मोडली.

पण शब्दाचा प्रवास एवढ्याने सिद्ध होत नाही. लंगूर मागे जातो संस्कृत लांगूलकडे, म्हणजे शेपटीकडे. आपल्याकडच्या काळतोंड्या वानराची ती लांबलचक शेपटी आठवा. त्यावरून इंद्रियाचा अर्थ निघाला असं कुणी ओढून आणेलही. त्यापेक्षा सरळ वाट अशी की उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या बोलींत ‘लँग’ म्हणजे लांब, तिथून इंद्रिय, आणि तिथून मूर्ख माणूस. इंद्रियाचं नाव मूर्खाला देणं जगातल्या कितीतरी भाषांत होतं, मराठीतही होतं. माकडावरून दारुड्यापर्यंत जायला मात्र वाट सापडत नाही. म्हणून लंगूरची गोष्ट सांगायला हरकत नाही, पण ती गोष्ट आहे म्हणून सांगा.

१०. कल्ची कोण आणि जॅकीन कोण?

डब्लिनबाहेरचा तो कल्ची, डब्लिनचा तो जॅकीन. कल्चीच्या मुळावर निदान तीन दावे आहेत: मेयो परगण्यातलं किल्टिमाख हे आडबाजूचं गाव, इंग्रजी ‘अ‍ॅग्रिकल्चरल’चा तुकडा, किंवा आयरिशमधलं ‘कूल अन ती’, म्हणजे घराची मागची बाजू, जिथून गावाकडची माणसं आत येत. तिन्हींपैकी एकावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही. जॅकीन सोपा आहे: जॅक हे इंग्रजी नाव, त्याला आयरिश ‘ईन’ प्रत्यय. छोटा जॅक, इंग्रजांच्या वळणाचा शहरी पोरगा.

हा ‘ईन’ ओळखून ठेवा, फार ठिकाणी भेटतो. घरकुल, सोनुकली यांत आपण जे करतो तेच तो करतो. बोरीन म्हणजे छोटी वाट, पोटीन म्हणजे गावठी दारू (शब्दशः छोटं भांडं). पण माणसाला लावला की लाडासोबत तुच्छताही येते.

कल्ची शब्द मुंबईतल्या ‘घाटी’सारखा आहे. स्वतःबद्दल अभिमानाने म्हणतात, मित्राने म्हटलेला चालतो, परक्याने म्हटलेला बोचतो.

११. लॅपटॉप ‘बंजॅक्स्ड’, काम ‘हेम्स’, आणि प्रत्येक वस्तू ‘योक’. हे काय?

बंजॅक्स्ड म्हणजे पार बिघडलेलं. शॉन ओकेसीच्या १९२४ साली अ‍ॅबी थिएटरमध्ये झालेल्या नाटकात मृत्युपत्राचा असाच ‘बंजॅक्स’ होतो. पुढे आयरिश निवेदक टेरी वोगनने बीबीसी रेडिओवरून तो ब्रिटनभर नेला. हेम्स म्हणजे गाडीच्या घोड्याच्या गळपट्ट्यावर बसणाऱ्या दोन वाकड्या दांड्या. त्या उलट्या बसवल्या की सगळा साज फुकट, म्हणून ‘मेड अ हेम्स ऑफ इट’ म्हणजे विचका केला. योक म्हणजे मूळचं जू. त्यावरून जुंपलेली गाडी, आणि आता नाव न आठवणारी कोणतीही वस्तू: ‘ते हे दे रे.’ शेत सुटलं, जनावरं गेली, शब्द स्वयंपाकघरात येऊन राहिले. आपल्याकडच्या मोटेचं आणि तिफणीचं काय झालं ते आठवून मला यांचं कौतुक वाटतं. रात्रीच्या पार्टीत कुणी ‘योक’ देऊ केला तर मात्र ती नशेची गोळी असू शकते.

१२. ‘क्यूट हूर’ हे कौतुक आहे का? आणि ‘नोशन्स’?

क्यूट इथे गोंडस नव्हे, ‘अ‍ॅक्यूट’ची आखूड आवृत्ती: धूर्त. हूर हा वेश्येसाठीच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार, पण इथे तो बहुधा पुरुषाला, त्यातही राजकारण्याला लावतात. आपला ‘पोचलेला माणूस’ किंवा ‘बेरकी’. म्हणणाऱ्याच्या आवाजात राग आणि कौतुक अर्धं-अर्धं असतं.

नोशन्स म्हणजे शिंगं फुटणे. कुणी साध्या कॉफीऐवजी भलतीच कॉफी मागितली, मुलाचं नाव फ्रेंच ठेवलं, की ‘नोशन्स!’ एवढा एक शब्द येतो. फार वर जाऊ नये, गेलास तर आम्ही पाय ओढू, हा जुना गरीब समाजाचा धाक त्यात आहे. सहाव्या उत्तरातल्या स्लॅगिंगचं हे कमी प्रेमळ भावंड.

१३. कोणत्या साध्या शब्दांनी पंचाईत होते?

‘राइड’ पहिला. गाडीतून सोडायला सांगताना ‘लिफ्ट’ म्हणा, राइड म्हणजे इथे शरीरसंबंध, किंवा फार देखणी व्यक्ती. ‘शिफ्ट’ म्हणजे ओठांचं चुंबन, नाइट शिफ्टचा संदर्भ स्पष्ट असू द्या. ‘आय विल, येह’ म्हणजे ‘मुळीच करणार नाही’, आपल्या लांबवलेल्या ‘हो-हो, करतो हं!’सारखं. ‘जॅक्स’ म्हणजे संडास. हा शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधल्या ‘जेक्स’चाच वंशज. त्याच्या दारावर आयरिशमध्ये ‘फिर’ लिहिलं असेल तर ते पुरुषांचं, ‘म्नॉ’ लिहिलं असेल तर बायकांचं. रोमन अक्षरांवरून अंदाज बांधलात तर नेमके उलट्या दारात शिराल.

१४. कोणते शब्द कधीच वापरू नयेत?

‘नॅकर’. तो मेलेली जनावरं विल्हेवाटीला नेणाऱ्याचा धंदा, पण इथे तो आयरिश ट्रॅव्हलर या भटक्या समाजासाठीची घाण शिवी झाला आहे. या समाजाला १ मार्च २०१७ रोजी सरकारने स्वतंत्र वांशिक ओळख म्हणून मान्यता दिली. ऑफिसात कुणी हा शब्द सहज वापरेल, तुम्ही उचलू नका. भटक्या-विमुक्तांवर आपल्याकडे गुन्हेगारीचा शिक्का कसा बसला हे माहीत असलेल्याला कारण सांगायला नको.

‘पॅडी’ आणि ‘मिक’ इंग्लंडमध्ये हिणवायला वापरले गेले, म्हणून अनोळखी आयरिश माणसाला त्या नावाने हाक मारू नये. सेंट पॅट्रिकच्या सणाला मात्र ‘पॅडीज डे’ म्हणतात, ‘पॅटीज डे’ कधीच नाही, कारण पॅट्रिकचं आयरिश रूप पॉड्रिग. आणि ‘टॉप ऑफ द मॉर्निंग’ इथे कुणी म्हणत नाही. तो रंगभूमीवरच्या नकली आयरिश माणसाचा संवाद आहे.

१५. बेलफास्टला जातोय. हेच सगळं तिथे चालेल?

थोडंफार. तिथे स्कॉटिश वळण जास्त आहे: प्रत्येक वस्तू ‘वी’, म्हणजे छोटी, अगदी पावतीसुद्धा. ‘स्कंडर्ड’ म्हणजे ओशाळलेला, त्याला डब्लिनमध्ये ‘स्कार्लेट’ म्हणतात. धर्म आणि झेंडे यांवरची थट्टा मात्र तिथे नवख्याने करायची नाही. शहराचं नाव डेरी की लंडनडेरी, एवढ्यावरूनही तुम्ही आयर्लंडच्या बाजूचे की ब्रिटनच्या, हे ठरतं.

१६. अमेरिकन स्लँग सगळं आयरिश आहे म्हणतात. आणि मराठीत काही आलंय का?

पहिलं खरं नाही. २००७ साली अमेरिकेत आलेल्या एका पुस्तकाने पोकर, जॅझ अशा कित्येक शब्दांना आयरिश मूळ दिलं. भाषाअभ्यासकांनी ते दावे फेटाळले, कारण पुराव्यादाखल दिलेले कित्येक आयरिश वाक्प्रचार कुणी कधी वापरलेच नव्हते. खरोखर गेलेले शब्द थोडे आहेत, पण भक्कम आहेत. ‘गलोर’ हा ‘गो लोर’, म्हणजे भरपूर. ‘स्मिदरीन्स’ हे ‘स्मिदिरीनी’, म्हणजे ठिकऱ्या, शेवटी आपला दहाव्या उत्तरातला प्रत्ययच.

मराठीत व्हिस्की आली ती आयर्लंड-स्कॉटलंडच्या ‘इश्के बॅहा’वरून, अर्थ ‘जीवनाचं पाणी’. ब्रिटनच्या ज्या पक्षाला मराठी वर्तमानपत्रांनी हुजूर पक्ष म्हटलं, त्याचं टोरी हे नाव आयरिश ‘तोरी’वरून आलं. त्याचा अर्थ पाठलाग होत असलेला फरारी, लुटारू. सतराव्या शतकात ती विरोधकांनी दिलेली शिवी होती, पक्षाने ती अंगावर वागवली.

आणि बॉयकॉट. चार्ल्स बॉयकॉट हा मेयोमधल्या लॉक मास्कजवळच्या जमीनदारीचा कारभारी. १८८० मध्ये लँड लीग या शेतकऱ्यांच्या संघटनेतल्या कुळांनी त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला: मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. कापणीसाठी उत्तरेतून पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. त्याचं आडनाव तिथल्या लोकांनी क्रियापद करून टाकलं. पंचवीस वर्षांनी, १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर, तेच क्रियापद हिंदुस्थानातल्या सभांमधून ऐकू येऊ लागलं. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाशेजारी बसलेला ‘बहिष्कार’ तो हाच.